करार नंबर दाखव बे आधी : नागपुरातून अप्रेंटिसशिप कशी करायची, पहिल्यापासून शेवटपर्यंत

मागच्या उन्हाळ्यात माझ्या चुलतभावाच्या पोराचा फोन आला. "काका, अप्रेंटिस लागलो, बुटीबोरीत, बारा हजार देऊन राहिले." म्हटलं भारी, करार नंबर काय? तर म्हणतो, "तो काय असते?"

तिथंच समजलं गडी कुठं अडकला ते. कारण मी पण असाच अडकलो होतो. आयटीआय फिटर झाल्या झाल्या एका छोट्या वर्कशॉपवाल्याने मला "ट्रेनी" म्हणून ठेवलं, अकरा महिने मी तिथं लेथच्या बाजूला उभा राहून जॉब उचलले, चिप्स झाडल्या, साहेबाचा डबा आणला. आणि जेव्हा एका भरतीत अप्रेंटिसचं सर्टिफिकेट मागितलं तेव्हा माझ्याकडं दाखवायला एक साधं लेटरहेडवरचं पत्र होतं, त्यावर शिक्का पण तिरपा. ते वर्ष गेलं. नंतर खरी अप्रेंटिसशिप परत पहिल्यापासून केली. आता बुटीबोरीतच मेंटेनन्सला आहे आणि दर जूनमध्ये नातेवाईकांची, शेजाऱ्यांची पोट्टी विचारायला येतात, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

आधी समजून घ्या हे आहे काय

सरकारी कागदात याला शिकाऊ उमेदवारी म्हणतात. १९६१ चा अप्रेंटिसेस अ‍ॅक्ट आहे, त्यात २०१४ ला मोठे बदल झाले आणि २०१९ ला नियम बदलले. ज्या कंपनीत ३० किंवा जास्त माणसं आहेत (ठेकेदाराची धरून) तिला अप्रेंटिस घेणं बंधनकारक आहे, एकूण माणसांच्या २.५ ते १५ टक्के. म्हणजे हिंगणा एमआयडीसीत गेटवर जाऊन "अप्रेंटिस घेता का?" विचारणं म्हणजे भीक मागणं नाही, त्यांना पण माणसं दाखवायची असतात. हे डोक्यात ठेवून गेलात की वॉचमनशी बोलताना आवाज जरा वेगळा निघतो.

पण अप्रेंटिस म्हणजे कामगार नाही. कायद्यानेच तो "प्रशिक्षणार्थी" आहे. म्हणून त्याचा पीएफ कापत नाहीत, ईएसआयसी नसते, आणि वर्ष संपल्यावर नोकरी द्यायलाच पाहिजे असं कंपनीवर बंधन नाही. हे शेवटचं कोणी सांगत नाही आणि मग पोरं वर्षाच्या शेवटी रडतात. उलट बाजूने, कारखान्यातले सुरक्षेचे नियम तुम्हालाही लागू आहेत, काम करताना दुखापत झाली तर भरपाईची जबाबदारी मालकाची आहे.

आणि अजून एक गल्लत. २०२४ ला आलेली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना, ज्यात बारावीला ६०००, आयटीआय-डिप्लोमाला ८००० आणि पदवीला १०००० महिना होते, ती वेगळी. ती आधी सहा महिन्यांची होती, नंतर वाढवली. ती केली म्हणजे अप्रेंटिस झाली असं नाही. दोन्हीचं सर्टिफिकेट वेगळं, कायदा वेगळा. आमच्या मोहल्ल्यात निम्म्या लोकांना हे एकच वाटतं.

तुमचा दरवाजा कोणता

आयटीआय झालेला असेल (फिटर, इलेक्ट्रिशियन, वेल्डर, मशिनिस्ट, कोपा म्हणजे कॉम्प्युटर ऑपरेटर, डिझेल मेकॅनिक वगैरे) तर तुम्ही ट्रेड अप्रेंटिस, बहुतेक ट्रेडला साधारण एक वर्ष. नुसती दहावी असेल तर फ्रेशर म्हणून पण जाता येतं, फक्त काळ जास्त लागतो आणि आधी बेसिक ट्रेनिंग करावं लागतं. डिप्लोमा किंवा डिग्री असेल तर एनएटीएस नावाचं वेगळं पोर्टल आहे, ते शिक्षण मंत्रालयाचं, आपल्या पश्चिम भागाचं काम मुंबईचं बोर्ड बघतं, तिथं बारा महिन्यांची ग्रॅज्युएट किंवा टेक्निशियन अप्रेंटिसशिप होते. बी.कॉम., बी.ए. वाल्यांनाही चालते, फक्त इंजिनिअरची नाही.

आता एक शब्द लक्षात ठेवा, डेजिग्नेटेड ट्रेड आणि ऑप्शनल ट्रेड. डेजिग्नेटेड म्हणजे सरकारने अभ्यासक्रम ठरवलेला, शेवटी ऑल इंडिया ट्रेड टेस्ट होते आणि राष्ट्रीय अप्रेंटिसशिप सर्टिफिकेट मिळतं, ज्याला सगळे एनएसी म्हणतात. ऑप्शनल म्हणजे कंपनीने स्वतः बनवलेला कोर्स, सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत, रिटेल, हॉटेल, लॉजिस्टिक्स असल्या लायनीत जास्त. ऑप्शनल वाईट नाही, मिहानमधल्या गोदामात किंवा बर्डीच्या शोरूममध्ये करिअर करायचं असेल तर ठीकच आहे, पण रेल्वे, ऑर्डनन्स, महावितरण असं काही मनात असेल तर डेजिग्नेटेडच घ्या. हा प्रश्न जॉइन होण्याआधी विचारायचा, नंतर नाही.

आणि हो, अप्रेंटिस एकदाच होते असं धरून चाला. रेल्वेसारख्या जाहिरातीत सरळ लिहिलेलं असतं की आधी अ‍ॅक्टखाली अप्रेंटिस केलेला किंवा करत असलेला पात्र नाही. म्हणून जी पहिली मिळेल ती पकडून नंतर चांगली पकडू, हा हिशोब चुकतो.

कागद, म्हणजे खरा वेळखाऊ भाग

इथं मी जरा थांबून सांगतो कारण दहापैकी सात पोट्टी इथंच अडकतात.

आपल्या बोर्डाच्या मार्कशीटवर नाव कसं येतं? आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं. आधारवर स्वतःचं नाव आधी. बँकेत कधी वडिलांचं नाव आहेच नाही. आयटीआयच्या मार्कशीटवर स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त. पोर्टल आधारशी जुळवतं आणि मग "नाव जुळत नाही" म्हणून बसतं. तर फॉर्म भरायच्या महिनाभर आधी आधार, दहावीची मार्कशीट, आयटीआयची मार्कशीट आणि पासबुक हे चारही टेबलावर ठेवा आणि अक्षर-अक्षर तपासा, जन्मतारीख पण. जिथं दुरुस्ती लागते ती आधारमध्ये करा, दहावीची मार्कशीट बदलणं म्हणजे दुसरा जन्म घेणं आहे. क्रम उलटासुलटा असेल तर घाबरू नका, ते चालून जातं, स्पेलिंग नाही चालत.

मग बँक. खातं आधारशी लिंक असणं वेगळं आणि डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी, सीड केलेलं असणं वेगळं. विद्यावेतनातला सरकारचा वाटा आधारवरून खात्यात जातो, म्हणून बँकेत जाऊन "एनपीसीआय सीडिंग करून द्या" असंच म्हणायचं. तुमच्या नावावर दोन-तीन खाती असतील तर पैसे सगळ्यात शेवटी सीड केलेल्या खात्यात जातात. एका पोरीचे चार महिने पैसे तिच्या जुन्या शाळेच्या स्कॉलरशिपच्या खात्यात जात होते, ती रोज एच.आर.ला शिव्या घालून राहिली होती.

जातीचा दाखला असेल तर केंद्राच्या नोकऱ्यांसाठी ओबीसीला केंद्राच्या नमुन्यातला दाखला लागतो, राज्याचा नॉन-क्रिमिलेअर तिथं चालत नाही. तो सेतूमधून काढायला वेळ जातो, जाहिरात आल्यावर धावू नका. सोबत पासपोर्ट फोटो, सहीचा फोटो, ईमेल (स्वतःचा, सायबर कॅफेवाल्याचा नाही, पासवर्ड त्याच्याकडेच राहतो आणि मग तो लग्नाला पण सापडत नाही).

पोर्टलवर नोंदणी

अप्रेंटिसशिप इंडिया हे केंद्र सरकारचं पोर्टल. कॅन्डिडेट म्हणून रजिस्टर करा, मोबाईलवर ओटीपी, मग आधार ई-केवायसी, शिक्षण, ट्रेड, खातं. प्रोफाईल शंभर टक्के पूर्ण करा, अर्धवट ठेवलं तर कंपनीला तुम्ही दिसतच नाही. मग जिल्हा नागपूर आणि आपला ट्रेड टाकून संधी शोधा, अर्ज करा. या नोंदणीला पैसे लागत नाहीत. कोणी फी घेत असेल तर ती त्याच्या चहापाण्याची.

नुसता ऑनलाइन अर्ज करून घरी बसलात तर मात्र काही होत नाही, हे मी खात्रीने सांगतो. पोर्टलवर कंपनीचं नाव बघायचं आणि मग रिझ्युमेची प्रिंट घेऊन स्वतः जायचं. सकाळी दहा-साडेदहाला, सोमवार सोडून. हिंगण्याला जायचं तर अ‍ॅक्वा लाइनने लोकमान्य नगरला उतरा, तिथून शेअर ऑटो. मिहानसाठी ऑरेंज लाइनने खापरी. बुटीबोरीपर्यंत अजून मेट्रो नाही, तिथं बस किंवा गाडी, आणि एका बाजूचे तीसेक किलोमीटर धरा. मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीत वर्धा रोडवर दुचाकी चालवून पहिल्या शिफ्टवरून परत यायचं असतं, हे जॉइन होण्याआधी एकदा दुपारी करून बघा, मग ठरवा रूम घ्यायची का.

आणि आयटीआयला विसरू नका. श्रद्धानंद पेठेतल्या सरकारी आयटीआयच्या नोटीस बोर्डावर कंपन्यांच्या मेळाव्याची सूचना लागते, तिथंच अप्रेंटिसचं काम बघणारं केंद्र आहे, ज्याला सगळे बीटीआरआय म्हणतात. तिथल्या माणसाशी एकदा नीट बोलून घ्या. त्यांना माहीत असतं कोणती कंपनी खरंच शिकवते आणि कोणती फक्त झाडू देते, फक्त ते कागदावर सांगत नाहीत.

नागपूरकरांकडे काय काय आहे

आपल्याकडं याबाबतीत खरं म्हणजे चांदी आहे, पुण्या-मुंबईला जायची घाई उगाच करतात.

रेल्वे घ्या. दक्षिण पूर्व मध्य रेल्वेचा नागपूर विभाग आणि मोतीबाग वर्कशॉप दरवर्षी अप्रेंटिस घेतात, साधारण एप्रिलमध्ये जाहिरात येते, २०२५ ला दोन्ही मिळून १००७ जागा होत्या. लेखी परीक्षा नाही, दहावीचे टक्के आणि आयटीआयचे टक्के यांची सरासरी काढून मेरिट लागतं, दहावीला ५० टक्के पाहिजेत, वय १५ ते २४. म्हणून दहावीला "पास झालो बस" म्हणणाऱ्याला इथं फटका बसतो. मध्य रेल्वेची भरती मुंबईहून होते पण त्यात नागपूर क्लस्टर वेगळा असतो, अजनीचा इलेक्ट्रिक लोको शेड त्यातच. रेल्वेत अप्रेंटिस पूर्ण केलेल्यांना नंतर लेव्हल वनच्या (जुन्या ग्रुप डीच्या) भरतीत २० टक्के जागा राखीव असतात, पण परीक्षा द्यावीच लागते, आपोआप कोणी बोलवत नाही.

मग अंबाझरीची ऑर्डनन्स फॅक्टरी. २०२१ च्या ऑक्टोबरपासून ती यंत्र इंडिया लिमिटेड या कंपनीखाली आहे आणि तिचं मुख्यालयच नागपुरात. यंत्र इंडियाने ५८ व्या बॅचला देशभरातल्या कारखान्यांसाठी ३८८३ जागा काढल्या होत्या, त्यात १३८५ नॉन-आयटीआय म्हणजे दहावीवाल्यांसाठी. दहावीवाल्याला एवढ्या जागा दुसरीकडे क्वचित दिसतात, म्हणून ज्याने आयटीआय केली नाही त्याने ही जाहिरात चुकवू नये. गणित आणि विज्ञानाच्या गुणांची अट असते, ती वाचा.

वेस्टर्न कोलफिल्ड्स, सिव्हिल लाइन्सचं कोल इस्टेट. मॉइल, म्हणजे मँगनीजची सरकारी कंपनी, काटोल रोडवर. कोराडी आणि खापरखेड्याची वीज केंद्रं, महावितरण, एसटीची नागपूर विभागाची वर्कशॉप. यांच्या जाहिराती वेगवेगळ्या वेळी येतात आणि कधी अर्ज करायला दहा-पंधरा दिवसच असतात. म्हणून मोबाईलमध्ये प्रत्येक महिन्याच्या एक तारखेला एक रिमाइंडर लावा आणि त्या दिवशी या सगळ्यांच्या वेबसाइटचं भरतीचं पान उघडा. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर येणाऱ्या पीडीएफवर विश्वास ठेवू नका, त्यातल्या निम्म्या मागच्या वर्षीच्या असतात.

खासगीत हिंगणा, बुटीबोरी, मिहान, कळमेश्वर. माझं मत विचाराल तर सरकारी नावाचा बोर्ड मोठा असला तरी शिकायला खासगी मध्यम कंपनी बरी पडते, कारण तिथं माणसं कमी असतात आणि मशीन बंद पडलं की अप्रेंटिसलाही हात घालावा लागतो. मोठ्या ठिकाणी पन्नास पोट्टे एका शेडमध्ये बसून वर्षभर कपाट मोजतात असंही होतं. पण सर्टिफिकेटचं वजन आणि पुढची राखीव जागा पाहिजे असेल तर रेल्वे. दोन्हीचा हिशोब वेगळा, ज्याला जे पाहिजे ते.

करार

आता त्या बारा हजारवर येऊ. पोराला विचारलं, कागद काय दिला? तर ठेकेदाराचं ओळखपत्र. म्हणजे तो अप्रेंटिस नव्हताच, ठेक्यावरचा मजूर होता, फक्त तोंडाने अप्रेंटिस म्हणत होते.

खरी अप्रेंटिसशिप अशी होते : कंपनी पोर्टलवर करार बनवते, तो तुमच्या लॉगिनमध्ये दिसतो, तुम्ही तो स्वीकारता, आणि त्याला नोंदणी नंबर पडतो. वय अठराच्या आत असेल तर पालकाची सही लागते. हा नंबर नसेल तर काही नाही. कंपनी कितीही मोठी असो, गेटवर हार घालून स्वागत करो. जॉइन झाल्यावर पंधरा-वीस दिवसात नंबर आला नाही तर एच.आर.ला विचारा, महिना झाला तर बीटीआरआयला जा.

करारात तीन गोष्टी बघा. ट्रेड तुमचाच आहे का (फिटरला "जनरल" असं काही लावलेलं नसावं), सुरू आणि संपायची तारीख, आणि महिन्याचं विद्यावेतन. अर्ध्यात सोडलं किंवा त्यांनी काढलं तर काय ते पण लिहिलेलं असतं, ते वाचा, कंटाळा आला तरी वाचा. काही वाद झालाच तर तो अप्रेंटिसशिप अ‍ॅडव्हायझरकडे, म्हणजे या कायद्याखालच्या सरकारी अधिकाऱ्याकडे जातो, लेबर कोर्टात धावायचं नसतं.

पैसे

२०१९ च्या नियमाप्रमाणे कमीत कमी विद्यावेतन असं : दहावीला ६०००, बारावी किंवा आयटीआयला ७०००, डिप्लोमाला ८०००, डिग्रीला ९०००. दुसऱ्या वर्षी १० टक्के वाढ, तिसऱ्या वर्षी १५. २०२५ मध्ये केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेने यात ३६ टक्के वाढीची शिफारस केली, तेव्हा करार होताना पोर्टलवर जो आकडा दिसेल तो धरा. हे कमीत कमी आहे, चांगल्या कंपन्या जास्तही देतात.

खासगी कंपनीत एक गंमत होते. सरकार विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, पण जास्तीत जास्त १५०० रुपये, थेट तुमच्या खात्यात टाकतं. म्हणजे ७००० ठरले असतील तर कंपनीकडून ५५०० येतील आणि १५०० सरकारकडून, आणि हे १५०० एकाच तारखेला येत नाहीत, मागेपुढे येतात. पोरांना वाटतं कंपनीने खाल्ले. आधी बँकेचं सीडिंग बघा, मग भांडा.

पीस रेटवर, म्हणजे इतके जॉब काढले की इतके पैसे, असं अप्रेंटिसला देता येत नाही, कायद्यात स्पष्ट मनाई आहे. ओव्हरटाइम पण अ‍ॅडव्हायझरच्या परवानगीशिवाय लावता येत नाही. प्रत्यक्षात लावतात. पहिल्या महिन्यात दोन-चारदा थांबलात तर कोणी मरत नाही, पण रोज बारा तास होऊ लागले तर डायरीत तारखा लिहून ठेवा.

आमच्या पोराने शेवटी ते बारा हजार सोडले. घरी दोन दिवस कोणी माझ्याशी बोललं नाही, वहिनीने तर चहाही विचारला नाही. दीड महिन्याने त्याला हिंगण्याच्या एका कंपनीत खरा करार मिळाला, साडेआठ हजारात, आणि त्याने नंबरचा स्क्रीनशॉट मला रात्री साडेअकराला पाठवला.

आत गेल्यावर

पहिले पंधरा दिवस कोणी काही शिकवणार नाही, हे धरून चाला. सेफ्टी शूज, हेल्मेट मिळालं का बघा, नसेल तर मागा. एक छोटी डायरी खिशात ठेवा, आज कोणतं मशीन, काय बिघाड, कसा काढला, कोणतं टूल वापरलं. ही डायरी परीक्षेला पण कामाला येते आणि पुढच्या मुलाखतीला तर सोनंच. मला नोकरी मिळाली ती डायरीतल्या एका बेअरिंगच्या गोष्टीवरून, मुलाखत घेणाऱ्याने सर्टिफिकेट बघितलंच नाही.

शिकायचं असेल तर जुन्या ऑपरेटरला पकडा, सुपरवायझरला नाही. जो माणूस वीस वर्षं एका मशीनवर आहे त्याला दुपारच्या जेवणात सोबत बसून "काका, हा आवाज काहून येते?" एवढं विचारा. डब्यात सावजीचा रस्सा असेल तर अजून लवकर सांगतो. व्हर्नियर आणि मायक्रोमीटर वाचता येणं, ड्रॉइंग वाचता येणं, या दोन गोष्टी वर्षभरात पक्क्या करा. इलेक्ट्रिशियन असाल तर पॅनलचं वायरिंग आणि पीएलसीची (मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरची) तोंडओळख. बाकी येतं.

सतत एकाच कोपऱ्यात ठेवत असतील तर तीन महिन्यांनी लेखी अर्ज द्या की मला दुसरा सेक्शन द्या, ट्रेडचा अभ्यासक्रम पूर्ण व्हायला पाहिजे. तोंडी सांगितलेलं विसरतात.

परीक्षा आणि पुढं

काळ संपत आला की ऑल इंडिया ट्रेड टेस्टचा फॉर्म कंपनीमार्फत पुढं जातो. एच.आर.ला दोन महिने आधी आठवण करा, कारण त्यांची एक चुकलेली तारीख म्हणजे तुमची पुढच्या परीक्षेपर्यंतची वाट. थिअरीचा भाग कॉम्प्युटरवर होतो, आयटीआयच्या जुन्या वह्या काढून सेफ्टी, मोजमाप, गणित एकदा बघा, प्रॅक्टिकलवाल्यांना तिथंच मार लागतो. पास झालात की एनएसी पोर्टलवर येतं, डाउनलोड करून तीन ठिकाणी ठेवा आणि त्यावरचं नाव लगेच आधारशी जुळवून बघा, चूक असेल तर त्याच आठवड्यात सांगा.

कंपनीने ठेवलं नाही तर हातातल्या सर्टिफिकेटवर हिंगणा-बुटीबोरीत दुसरीकडे विचारा, "फ्रेशर" हा शब्द आता तुम्हाला लागत नाही. शिकायचं असेल तर दोन वर्षांची आयटीआय झालेल्याला पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश आहे, त्याची प्रक्रिया उन्हाळ्यात सुरू होते, म्हणून मार्कशीट आणि शाळा सोडल्याचा दाखला कंपनीत ओरिजिनल देऊन बसू नका. ओरिजिनल कोणालाच देऊ नका, झेरॉक्स द्या, ओरिजिनल दाखवून परत घ्या.